अळंबी ओळखायची ती खालून

दोन पाऊस झाले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: ही अळंबी, की कुत्र्याची छत्री? आज धायरीत जमलोय, तर इथल्या परिसरासारखीच दोन ठिकाणं डोळ्यांसमोर आणू. एक, टेकडीच्या उतारावरचं वारूळ. दुसरं, सोसायटीचं लॉन.

वारुळाजवळ येते ती टर्मिटोमायसिस. वाळवी जमिनीखाली चक्क बुरशीची शेती करते, आणि पावसात त्या शेतातूनच ही छत्री वर येते. कोकणात, गोव्यात लोक हिचीच वाट बघत असतात. लॉनवर येते ती बहुतेक वेळा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. दिसायला देखणी, पांढरी, वर तपकिरी खवले. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब.

वरून बघून आपण फसतो. म्हणून अळंबी उपटायची नाही, खुरप्यानं खणून काढायची. टर्मिटोमायसिसचा देठ मुळासारखा लांबच लांब खाली जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. उपटली तर नेमका हाच पुरावा तुटून जमिनीत राहतो! टोपीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो. क्लोरोफायलमला असं मूळ नसतं. तिच्या देठावर कडं असतं, बांगडीसारखं वरखाली सरकणारं.

आता टोपी उलटी करू. खाली माशाच्या कल्ल्यांसारख्या पट्ट्या दिसतात. क्लोरोफायलमच्या पट्ट्या जून झाल्यावर हिरवट होतात, पण कोवळेपणी पांढऱ्याच असतात, आणि भाजीला आपण कोवळीच उचलतो. घोटाळा होतो तो इथे.

यावर एक सोपा प्रयोग आहे. पूर्ण उमललेली टोपी पट्ट्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट. पण ठसा गुलाबी आला म्हणजे खायला परवानगी मिळाली, असं नाही. गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत. सगळ्या खुणा जुळायला हव्यात, शिवाय जाणत्याची नजरही.

चांदीचं नाणं काळं पडतं, किड्यांनी खाल्लेली चालते, हे आजीकडून ऐकलेलं आपण इथेच सोडू. गोगलगायी विषारी अळंबीही मजेत खातात. शिजवल्यानं सगळी विषं जात नाहीत.

आणि कुणी खाल्लीच, तर उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्यायची आणि किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगायचं. त्रास सहा तासांनंतर सुरू झाला, तर प्रकरण यकृतावर जाऊ शकतं. मधे बरं वाटलं तरी दवाखाना टाळायचा नाही.