चालता फोन परत का द्यावा?

विद्यार्थी मित्रांनो, दुकानातून आणलेली वस्तू बिघडली की आपण ती परत घेऊन जातो. यात नवल काहीच नाही. पण जी वस्तू बिघडलेली नाही, जी रोज व्यवस्थित चालते, तीच परत करा असे कंपनीने सांगितले तर? घरातील कोणीतरी लगेच म्हणेल, "फोन तर छान चालतो आहे. मग परत कशाला द्यायचा?" हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर विचार करूनच द्यावे लागते. या पाठात आपण दोन खऱ्या घटना पाहू आणि त्यांच्या आधारे असा निर्णय कसा घ्यावा हे समजून घेऊ.

विकलेल्या मालात धोकादायक दोष आढळला, तर कंपनी तो माल ग्राहकांकडून परत मागवते. वर्तमानपत्रांत यासाठी 'रिकॉल' हा शब्दही वापरतात. दोष प्रत्येक नगात असतोच असे नाही. मात्र कोणत्या नगात तो आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून संशयित गटातील सगळाच माल परत घ्यावा लागतो.

पहिली घटना २००७ सालची आहे. त्या काळी आजच्यासारखे स्मार्टफोन घरोघरी नव्हते. नोकिया कंपनीचे बटणांचे साधे फोन शहरात आणि खेड्यात सगळीकडे दिसत. त्यांतील अनेक फोनमध्ये 'बीएल-५सी' नावाची बॅटरी असे. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केले, की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना क्वचित फार तापू शकतात. अशा बॅटऱ्यांची संख्या ४ कोटी ६० लाख होती. त्या तापल्याच्या सुमारे १०० घटना तोपर्यंत जगभरातून कळल्या होत्या. कोणालाही गंभीर दुखापत झाल्याची नोंद नव्हती. ज्यांना हवी असेल त्यांना बॅटरी मोफत बदलून मिळेल, असे कंपनीने सांगितले.

ही बातमी भारतात पसरली आणि एकच गोंधळ उडाला. अनेक शहरांत सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. ज्यांच्या बॅटरीचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, असे लोकही घाबरून गेले. खरे पाहता, बीएल-५सी बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या आणि सर्वांनी मिळून अशा ३० कोटींहून अधिक बॅटऱ्या बनवल्या होत्या. म्हणजे बहुतेक बॅटऱ्या संशयित गटात नव्हत्याच. आपली बॅटरी त्यात आहे की नाही, हे पाहण्याची सोयही होती. बॅटरीच्या मागील बाजूस २६ अक्षरांचा क्रमांक छापलेला असे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की उत्तर मिळत असे. क्रमांक पाहिला असता, तर कित्येकांची धावपळ वाचली असती.

दुसरी घटना २०१६ सालची. सॅमसंग कंपनीने ऑगस्ट महिन्यात 'गॅलेक्सी नोट ७' हा महागडा स्मार्टफोन काही देशांत विक्रीला आणला. थोड्याच दिवसांत काही फोन पेटल्याच्या तक्रारी आल्या. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. भारतात या फोनची विक्री सुरू व्हायची होती, ती झालीच नाही. तरीही परदेशातून येणाऱ्या प्रवाशांजवळ तो असू शकत होता. म्हणून आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात हा फोन चालू करण्यास आणि चार्ज करण्यास मनाई केली.

पुढे तर आणखी विपरीत घडले. बदलून दिलेले काही नवे फोनही पेटू लागले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत उड्डाणापूर्वी एका विमानात अशाच बदली फोनमधून धूर येऊ लागला आणि प्रवाशांना खाली उतरवावे लागले. अखेर ११ ऑक्टोबरला कंपनीने हा फोन बनवणेच कायमचे बंद केले.

आता प्रश्न असा, की चांगला चालणारा फोन एकाएकी पेटतो कसा? यासाठी बॅटरीच्या आत काय असते ते पाहू. मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण असे दोन थर असतात. त्या दोहोंमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि आत लवकर पेट घेणारा द्रव भरलेला असतो. पडदा शाबूत आहे तोपर्यंत सर्व काही ठीक चालते. पण पडदा दबला, फाटला किंवा त्याला बारीकसे भोक पडले, की दोन्ही थर एकमेकांना टेकतात. मग एकाच ठिकाणी वीज वेगाने वाहते, उष्णता वाढते, त्या उष्णतेने शेजारचा भाग तापतो आणि काही क्षणांत आग भडकते.

सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये तपासाचा निष्कर्ष सांगितला. पहिल्या फोनमधील बॅटरीच्या एका कोपऱ्यात जागा अपुरी होती, त्यामुळे आतील थर वाकत होते. बदली फोनमधील बॅटरी दुसऱ्या कंपनीची होती. तिच्यात जोडकामाचे टोकदार कण राहिले होते आणि ते आतील पडद्याला टोचत होते. हे दोन्ही दोष बॅटरीच्या आत होते. फोनचा पडदा, आवाज, कॅमेरा यांवरून त्यांचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोणी येतात. काही कांदे वरून लालबुंद आणि टणक दिसतात, पण कापले की आतून सडलेले निघतात. कांदा कापून पाहता येतो. बॅटरी मात्र घरी उघडून पाहता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणे अत्यंत धोक्याचे आहे. म्हणूनच 'फोन छान चालतो' हा बॅटरी सुरक्षित असल्याचा पुरावा होत नाही. जे फोन पेटले, त्यांतील बहुतेक आदल्या दिवशी छानच चालत होते.

आता थोडे गणित करू. नोकियाच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांमागे सुमारे १०० घटना, म्हणजे ४ लाख ६० हजारांत एक. अमेरिकेतील सरकारी सूचनेनुसार सप्टेंबर २०१६ च्या मध्यापर्यंत तेथील सुमारे १० लाख नोट ७ फोनमागे ९२ घटना नोंदल्या गेल्या होत्या, म्हणजे सुमारे ११ हजारांत एक. त्यांपैकी २६ घटनांत माणसे भाजली होती. शिवाय नोकियाच्या बॅटऱ्या लोक महिनोन्महिने वापरत होते, तर नोट ७ विक्रीला येऊन महिनाही झाला नव्हता. दोन्हीकडे घटनांचा आकडा शंभराच्या आसपास आहे, पण धोका सारखा नाही. बातमीतील एकच आकडा वाचून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. तो आकडा किती वस्तूंमागे आणि किती दिवसांत, हेही विचारावे.

तुम्ही म्हणाल, "अकरा हजारांत एक म्हणजे तरी किती कमी! तो एक आमचाच कशावरून?" ही शंका चुकीची नाही. फोन परत करण्यात त्रास असतो, हेही मान्य केले पाहिजे. जामखेड किंवा पाथर्डीजवळच्या खेड्यातून सेवा केंद्रासाठी शहरात यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे लागते. हातगाडीवर फळे विकणाऱ्याचे पैसे फोनवरच येतात. एखाद्या घरी एकच फोन असतो आणि अब्बांचे काम, अम्मीचे बोलणे, मुलांचा अभ्यास सारे त्यावरच चालते. चार दिवस फोन नसणे ही अशा घराला लहान गोष्ट नाही.

तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. एका बाजूला चार दिवसांची गैरसोय आहे आणि ती भरून निघते. दुसऱ्या बाजूला आग आहे आणि भाजलेला हात पूर्वीसारखा होत नाही. शिवाय हा धोका एकट्या मालकाचा नसतो. रात्री फोन उशाशी चार्ज होत असतो आणि शेजारी लहान बहीण-भाऊ झोपलेले असतात. तोच फोन गर्दीच्या बसमध्ये खिशात असतो. आपण पत्करलेली जोखीम न विचारता दुसऱ्यांवर लादण्याचा हक्क आपल्याला नाही. नोट ७ घेतलेल्या शंभर ग्राहकांपैकी सुमारे शहाण्णवांनी जानेवारी २०१७ पर्यंत फोन परत केले होते. उरलेल्या चौघांचेही फोन 'छान चालत' असतील, पण त्यांच्या भोवतीच्या माणसांना कोणी विचारले होते का?

मग असा प्रसंग आला तर काय करावे? पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. बातमी खरी आहे का ते पाहावे. कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ किंवा सेवा केंद्र यांच्याकडे खात्री करावी. अनोळखी संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. कोणालाही ओटीपी किंवा बँकेची माहिती देऊ नये.

२. आपला फोन त्या गटातील आहे का ते तपासावे. फोनवर *#०६# ही बटणे दाबली की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो यादीत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

३. सूचनेचे शब्द नीट वाचावेत. 'हवे असल्यास बदलून घ्या' आणि 'ताबडतोब बंद करा' या दोन वेगळ्या सूचना आहेत. दुसरी सूचना असेल, तर चार्जिंग थांबवून फोन लगेच बंद करावा.

४. फोन देण्यापूर्वी सिमकार्ड काढून घ्यावे. फोटो आणि महत्त्वाची माहिती आधीच दुसरीकडे साठवलेली असावी. अशी सवय एरवीही चांगली.

५. फोन दिल्याची पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

६. असा फोन साध्या टपालाने पाठवू नये आणि कचऱ्यात टाकू नये. सॅमसंगने अमेरिकेत परत येणाऱ्या फोनसाठी आग रोखणारी खास खोकी आणि हातमोजे पाठवले होते, यावरून धोक्याची कल्पना येईल. तो स्वस्तात दुसऱ्याला विकणे तर सर्वांत वाईट. त्यात धोका संपत नाही, तो फक्त आपल्या घरातून शेजाऱ्याच्या घरात जातो.

कंपनीने टाळाटाळ केली, तर कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. भारतात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धोकादायक माल परत घेण्याचा आणि त्याची किंमत ग्राहकांना देण्याचा आदेश हे प्राधिकरण देऊ शकते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र पावती हवी. म्हणून फोन घेताना पक्के बिल मागण्यास कधी संकोच करू नका.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत 'तकरार' म्हणजे हुज्जत किंवा भांडण. मराठीत तोच शब्द 'तक्रार' होऊन आला आणि त्याचा अर्थ 'शिकायत' असा झाला. ग्राहकाने तक्रार करणे म्हणजे भांडण करणे नव्हे. पहिल्या काही ग्राहकांनी फोन तापल्याचे कळवले, म्हणूनच लाखो लोकांना वेळीच सावध करता आले. त्यांनी 'जाऊ दे' म्हटले असते, तर आणखी किती घरांत आग लागली असती, कोण जाणे!

मित्रांनो, वस्तू चालते की नाही, हे डोळ्यांना दिसते. ती सुरक्षित आहे की नाही, हे मात्र माहिती घेऊनच कळते. तुमच्या घरी मोठ्यांपेक्षा फोनची माहिती तुम्हालाच अधिक असेल. म्हणून अशी बातमी आली, की घरातल्यांना नीट वाचून दाखवा, क्रमांक तपासून द्या आणि गरज पडली तर त्यांच्यासोबत सेवा केंद्रापर्यंत जा.

स्वाध्याय

१. २००७ साली बॅटरीचा क्रमांक तपासणे का महत्त्वाचे होते?
२. 'फोन छान चालतो' हा सुरक्षिततेचा पुरावा का होत नाही? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. दोन्ही घटनांतील धोक्याची तुलना आकड्यांच्या मदतीने करा.
४. परत मागवलेला फोन दुसऱ्याला विकणे चूक का आहे, यावर वर्गात चर्चा करा.
५. मराठी आणि उर्दूत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे आणखी तीन शब्द शोधा.