टोपी राहिली पाहिजे

सकाळी ६.४०

निमगाव सावा. डिसेंबर. उसावरचं धुकं अजून उठलेलं नाही. रस्त्याकडेच्या दहा बाय बाराच्या गाळ्याचं शटर अर्धं वर आहे. आत दादा झाडू मारतायत. नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी दिवसभर बसू दिलं, म्हणून आपल्यासाठी ते दादाच. वय ४६. शाळेत असताना लग्नाच्या शूटिंगला लाइट धरायला जायचे. हातात हॅलोजन, मागे वायरचं भेंडोळं, रात्रीचे ३० रुपये आणि जेवण. आता पाटी स्वतःची आहे: फोटो, व्हिडिओ, झेरॉक्स, लॅमिनेशन.

टेबलावर एक व्हीएचएस कॅसेट. मे २००० चं लग्न. त्या जोडप्याचं पोरगं चाकणला कंपनीत आहे. आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याने घरी ४३ इंची टीव्ही आणला. त्याची मागणी एकच. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या नकोत, पडदा भरून दिसलं पाहिजे.

७.०५

कॅसेट लगेच मशीनमध्ये जात नाही. खालचे पाच स्क्रू निघतात, झाकण उघडतं. कॅसेट माळ्यावर होती, पत्र्याखाली. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. बुरशी. दादा तोंडाला रुमाल बांधतात आणि कोरड्या सुती फडक्याने कड पुसतात, पट्टीला बोट न लावता. व्हीसीआरच्या हेडला स्पिरिट. छोटी बाटली १८० रुपयांची, महिनाभर पुरते.

व्हीसीआर हा या दुकानातला सगळ्यात म्हातारा कामगार. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये हात टेकले. म्हणून टेबलाखाली दोन मेलेले व्हीसीआर ठेवलेत. भंगारातून आणलेले, २०० रुपयांना एक. बेल्ट, रोलर, गिअर, लागेल ते त्यांच्यातून निघतं.

७.४०

प्ले दाबलं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. घाई चालत नाही. व्हीसीआरमधून वायर एका छोट्या डब्यात, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये. तासाला १३ जीबी. पडद्यावर हळदीचा मांडव येतो. रंग थोडे वाहिलेले, तळाला फाटल्यासारखी थरथरणारी रेघ. व्हीएचएसला ती असतेच. जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली झाकली जायची, कॉम्प्युटर झाकत नाही.

चहा येतो. दोन कट, २० रुपये.

९.१५

लाइट गेली. इन्व्हर्टरने पकडलं. दादांनी श्वास सोडला. कॅसेट मध्येच थांबली तर मागे घ्यायची, पुन्हा चालवायची. जुनी पट्टी जितकी घासेल तितकी झिजते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हप्ता महिन्याला ११०० रुपये. "तो हप्ता या कॅसेटींसाठीच भरतो म्हणा," दादा म्हणतात.

मधे गिऱ्हाईक. आठ पासपोर्ट फोटो, ६० रुपये. आधारची झेरॉक्स, ४ रुपये. एक मामा सोसायटीच्या कर्जाचे कागद घेऊन येतात, पडद्याकडे बघत उभे राहतात. "कोणाचं लग्न?" सांगितल्यावर ओळखीचे चेहरे शोधतात. दोन सापडतात. "हा गेला. हा पुण्याला असतो." मग झेरॉक्स घेऊन जातात.

१०.५०

उतरवून झालं. आता खरं काम.

दादा वहीच्या मागच्या पानावर चौकट काढतात. जुना टीव्ही चारास तीन, नवा सोळास नऊ. जुन्या चित्रात ५७६ ओळी. रुंद पडदा पूर्ण भरायचा तर त्यातल्या ४३२ च उरतात. १४४ जातात. "म्हणजे चार भाकऱ्यांतली एक कुत्र्याला," दादा म्हणतात. उरलेलं चित्र अडीच पट ताणलं जातं आणि फुटायला लागतं.

सगळ्यात सोपा उपाय दुसराच आहे. चित्र आडवं ओढायचं. काही कापलं जात नाही, वेळही लागत नाही. ही कॅसेट आधी कुणीतरी तशी करून दिली होती. ती फाइल दादा लावून दाखवतात. नवरा-नवरी बुटके, घोडा म्हशीसारखा, समईची ज्योत चपटी. घरचे हसले होते. मग हसू ओसरलं आणि कॅसेट इकडे आली.

११.३०

सॉफ्टवेअर एडियस. लग्नाच्या स्टुडिओंत जिकडेतिकडे हेच. आधी क्लिपला सांगायचं की तू चारास तीन आहेस. हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग लेआउटर उघडायचा. त्यात चित्र मोठं करता येतं, वर-खाली सरकवता येतं.

पहिलाच शॉट अडतो. फुलांच्या चौकटीत "शुभविवाह", खाली चि. आणि चि. सौ. कां., नावं, तारीख. सगळं तळाला लिहिलेलं, चित्रातच मुरलेलं. खालून कापलं तर नवरीचं नाव अर्धं जातं. दादा हा शॉट अख्खा ठेवतात. त्याच्या मागे तेच चित्र मोठं करून धूसर करतात, म्हणजे कडा भरतात. काळी पट्टी नाही, नावही शाबूत.

"मग सगळीकडे हेच का नाही?" मी विचारतो.

"तीन तास धूसर कडा बघून डोकं धरतं."

१२.४५

दादांचा मधला मार्ग चौदास नऊ. सात भागांतला एक कापायचा, सहा ठेवायचे. साधारण ८२ ओळी जातात, खालून कापलं तर तळाची थरथरणारी रेघही त्यातच जाते. बाजूला थोडी धूसर कड राहते, पण डोळ्यांवर येत नाही. इंग्लंडमध्ये टीव्ही रुंद होत होते तेव्हा बीबीसीनेही मधल्या काळात हेच माप वापरलं होतं. दादांना ते माहीत नव्हतं. ते स्वतः बघत बघत इथवर आले.

पण माप एक असलं तरी प्रत्येक शॉटला वेगळं विचारावं लागतं: वरून कापू की खालून?

मंगलाष्टकं चालू आहेत. अंतरपाट धरलाय. खाली पाट, त्यावर नवरीचे मेंदीचे पाय. वर, अगदी चौकटीला टेकून, नवरदेवाच्या वडिलांची पांढरी टोपी. कॅमेरावाल्याने नेमकं बसवलं होतं, वर बोटभर जागा सोडून. दादा माऊसने चित्र खाली ओढतात. पाय जातात. वर ढकलतात. टोपी जाते.

"टोपी नाही कापायची. आमच्याकडे म्हातारा माणूस बोडका दाखवला तर लोक विचारतात, काय झालं होतं?"

पाय गेले. पाट गेला. टोपी राहिली.

१.३०

डबा. बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. मदतीला येणारं कॉलेजचं पोरगं आलं. दिवसाला २५० रुपये. ते गिऱ्हाईक बघतं, दादा मान न उचलता शॉट कापत बसतात. खुर्चीत जुनी उशी. मानेचा पट्टा खुंटीला टांगलेला आहे, घातलेला मी पाहिला नाही.

४.१०

नवरदेव स्वतः आले. पंचवीस वर्षांपूर्वीचे. पायाला शेताची माती, कांद्याची लागण सोडून आलेत. पंगतीचा भाग चालू आहे.

"दादा, बुंदी दिसंना."

"बुंदी ठेवली तर जेवणाऱ्याचं डोकं जातं, भाऊ."

"जाऊ द्या डोकं. माणसं काय, जेवली न् गेली. बुंदी आमच्या बापाने उधारीवर पाडली होती. दोन वर्षं फेडली."

दादा थांबतात. मग शॉटच्या सुरुवातीला एक खूण टाकतात, शेवटी दुसरी. सुरुवातीला चौकट खाली असते, पत्रावळीवर. पिवळी बुंदी, बाजूला भात. मग चौकट सावकाश वर चढते आणि जेवणाऱ्याच्या तोंडावर थांबते. आठ सेकंद. त्यासाठी सहा मिनिटं लागली.

"आता कसं?"

"हां. आता पोटभर."

६.००

अंधार पडायच्या आत पोरगं घरी जातं. उसात बिबट्या आहे, कुणी उशीर करत नाही.

दादा तासभर दुसरं काम घेतात. घाटातल्या बैलगाडा शर्यतींची जुनी मिनी डीव्ही कॅसेट. २०१४ ला कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली. आता गाडामालकांना जुन्या बैलांच्या बाऱ्या बघायच्यात. पुढे घोडी, मागे बैल, मागे धुरळा. हे काम भराभर सरकतं. चित्राच्या वरच्या भागात निव्वळ आभाळ आहे.

"आभाळ कापायला कुणाला विचारावं लागत नाही," दादा म्हणतात.

८.३०

लग्नातली पन्नास मिनिटं आज बसली. उरलेलं उद्या, परवा. शेवटी चार फाइली निघतील: हळद, लग्न, पंगत, वरात. एकच मोठी फाइल दिली तर काही टीव्ही पेन ड्राइव्हवरची ४ जीबीच्या पुढची फाइल उचलत नाहीत, म्हणून तुकडे.

हिशोब वहीत लिहिलाय. कॅसेट उतरवणं ५००. रुंद करणं १५००. पेन ड्राइव्ह ४५०. एकूण २४५०. चाकणच्या पोराने फोनवर २२०० ठरवलेत.

दादा शटर ओढतात. कुलूप लावताना सांगतात, पेन ड्राइव्हमध्ये ते आणखी एक फोल्डर टाकतात. त्यात जुनं चित्र जसंच्या तसं, चारास तीन, काळ्या पट्ट्यांसकट. त्यात पाट आहे, मेंदीचे पाय आहेत, टोपी आहे. ते कुणी मागत नाही आणि त्याचे पैसेही लावलेले नाहीत.