मिरची तीच, फोटो तोच. मग रंग दोन का?

गेल्या हिवाळ्यात देवपूरच्या आमच्या महाविद्यालयात अकरावीचा एक विद्यार्थी काळजीत पडून माझ्याकडे आला. त्याच्या घरची मिरची नंदुरबारजवळच्या पथारीवर वाळत होती. परगावच्या एका व्यापाऱ्याने माल पाहण्यासाठी आधी फोटो मागितला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून चांगला कॅमेरा आणून या मुलाने फोटो काढले आणि पाठवले. निरोप आला, "माल काळपट दिसतो, भाव उतरेल."

मुलाने फोटो पुन्हा पाहिला. फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये मिरची लालभडक होती. तोच फोटो त्याच संगणकावर, नुसते फोटो पाहण्याच्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर मिरची मलूल! तो म्हणाला, "सर, मिरची तीच, फोटो तोच, पडदाही तोच. मग खोटं कोण बोलतंय?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेऊ. संगणकातल्या फोटोत रंग नसतो, आकडे असतात.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीअधिक मिसळून बहुतेक सारे रंग डोळ्याला दाखवता येतात. याच तत्त्वावर मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली पहिला रंगीत फोटो दाखवला. आजचा पडदाही तेच करतो. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहा; थेंब भिंगाचे काम करतो आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. फोटोतल्या प्रत्येक बिंदूसाठी या तीन प्रकाशांचे तीन आकडे साठवलेले असतात; नेहमीच्या फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ असतो.

आता खरी मेख इथे आहे. 'लाल २१९' म्हणजे किती लाल? आणि कोणता लाल?

तुमच्या आजोबांना जुन्या मापांबद्दल विचारा. पूर्वी मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगाली मण सुमारे ८२ पौंडांचा होता. नुसते 'दोन मण' लिहिलेली चिठ्ठी एका गावाहून दुसऱ्या गावी गेली, तर धान्य तेच राहील पण हिशेब चुकेल. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर मेट्रिक मापे आली आणि हा घोळ मिटला.

रंगांचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ साली माणसाच्या नजरेवर आधारलेली रंगमापनाची पद्धत ठरवली. आपल्या राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकात केशरी आणि हिरवा रंग याच पद्धतीच्या आकड्यांनी सांगितलेले आहेत. संगणकासाठी मात्र एकाहून अधिक मापे रूढ झाली. १९९६ साली पुढे आलेले 'एसआरजीबी' हे सर्वसाधारण पडद्यांचे माप. १९९८ चे 'अ‍ॅडोब आरजीबी' हे छपाईची गरज ओळखून केलेले, अधिक विस्तृत माप.

या दुसऱ्या मापात हिरवा प्रकाश अधिक शुद्ध धरलेला आहे. त्याच्याशी मिसळून पांढरा जमवायचा तर लाल प्रकाश जास्त तेजस्वी लागतो. म्हणून तिथला 'लाल २५५' हा एसआरजीबीतल्या 'लाल २५५' च्या सुमारे १.४ पट तेजस्वी असतो. माप मोठे झाले की आकडा लहान होणारच! एसआरजीबीत २५५ असलेला शुद्ध लाल अ‍ॅडोबच्या मापात २१९ असा लिहिला जातो. हा २१९ कोणी एसआरजीबीचाच समजून पडद्यावर दाखवला, तर लाल प्रकाश सुमारे ७१ टक्केच निघेल. लालभडक मिरची काळपट दिसते ती अशी.

मग कोणते माप वापरले, हे प्रोग्रॅमला कसे कळावे? त्यासाठी फोटोच्या फाइलमध्ये एक चिठ्ठी जोडता येते. तिला 'कलर प्रोफाइल' म्हणतात. १९९३ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन अशा चिठ्ठीचा सर्वमान्य नमुना ठरवायला सुरुवात केली. फोटो दुरुस्तीचे प्रोग्रॅम ही चिठ्ठी वाचतात. काही साधे प्रोग्रॅम ती न वाचताच आकडे थेट पडद्याकडे धाडतात. शिवाय फोटो पाठवताना तो लहान केला जातो, तेव्हा कधी चिठ्ठी गळूनही पडते.

आम्ही कॅमेरा तपासला. तो अ‍ॅडोबच्या मापावर लावलेला होता! फोटोग्राफरच्या छपाईसाठी ते योग्यच होते. म्हणजे खोटे कोणीच बोलत नव्हते. एकाने चिठ्ठी वाचली होती, दुसऱ्याने वाचली नव्हती.

उपाय सोपा होता. फोटोचे एसआरजीबीत रूपांतर केले. इथे एक खबरदारी घ्यावी. रूपांतरात आकडे बदलतात आणि रंग कायम राहतो. नुसती चिठ्ठी बदलली, तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. बंगाली मणाचे मुंबई मण करताना 'एक' च्या जागी 'जवळजवळ तीन' लिहावे लागते. नुसते नाव खोडून चालत नाही.

तुम्हीही घरी परीक्षा करून पाहा. एकाच पडद्यावर दोन प्रोग्रॅम वेगळे रंग दाखवत असतील, तर संशय चिठ्ठीवर घ्यावा. एकच प्रोग्रॅम दोन पडद्यांवर वेगळे रंग दाखवत असेल, तर पडद्यांवर घ्यावा. कारण प्रत्येक पडद्याचे लाल, हिरवे, निळे ठिपके सारखे नसतात. फोटो काढताना वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवावा, म्हणजे उजेडाचा दोषही ओळखता येतो.

त्या मुलाने नवा फोटो पाठवला, आणि माझ्या सांगण्यावरून मूठभर मिरचीही. मसाल्याच्या व्यापारात मिरचीचा रंग प्रयोगशाळेत मोजतात. तिचा अर्क अ‍ॅसिटोनमध्ये काढून तो ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते पाहतात. व्यापाऱ्याने शेवटी भाव ठरवला तो नमुना हातात घेऊनच. तेव्हा मित्रांनो, पडद्यावरचा रंग पाहून कोणाच्या मालाला नाव ठेवण्यापूर्वी एवढे जरूर विचारा: हा आकडा कोणत्या मापातला?