भूसांख्यिकी
भूसांख्यिकी : अवकाशात पसरलेल्या राशींची मूल्ये मोजक्या ठिकाणच्या नमुन्यांवरून काढण्याच्या पद्धतींचा विचार करणारी सांख्यिकीची शाखा. खाणीतील धातुकाची प्रत, पर्जन्यमान, भूजलाची पातळी, मृदेतील क्षारांचे प्रमाण ही अशा राशींची उदाहरणे होत. सांख्यिकीच्या प्राथमिक पद्धतींत नमुने परस्परांपासून स्वतंत्र मानतात. येथे मात्र जवळच्या ठिकाणची मूल्ये दूरच्यांपेक्षा सामान्यतः अधिक सारखी असतात, हाच आकलनाचा आधार असतो.

इतिहास : या शाखेचा उगम दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील सोन्याच्या खाणींत झाला. तेथे नमुन्यांवरून खडकाच्या मोठ्या ठोकळ्यांची प्रत ठरवीत व किमान प्रतीहून वरचढ भरणारे ठोकळेच खणण्यासाठी निवडीत. प्रत्यक्षात समृद्ध ठरविलेल्या ठोकळ्यांतून अपेक्षेपेक्षा कमी, तर निकृष्ट ठरविलेल्यांतून अपेक्षेपेक्षा अधिक सोने असल्याचे आढळे. त्यामुळे दुहेरी तोटा होई : निकृष्ट खडक फोडून दळण्याचा खर्च अंगावर पडे आणि चांगले धातुक टाकाऊ म्हणून मागे राही. डी. जी. क्रिग (१९१९–२०१३) या खाण अभियंत्यांनी १९५१ मध्ये याची सांख्यिकीय मीमांसा केली. थोड्या नमुन्यांच्या सरासरीत ठोकळ्याच्या खऱ्या प्रतीपेक्षा अधिक चढउतार असतो. म्हणून तिचे फार मोठे वा फार लहान मूल्य अंशतः योगायोगाचे असते. ते क्षेत्राच्या माध्याकडे योग्य प्रमाणात झुकविल्यास ही पद्धतशीर चूक कमी होते. फ्रेंच गणितज्ञ झॉर्झ मातेराँ (१९३०–२०००) यांनी १९६० नंतरच्या दशकात या कल्पनेला व्यापक सैद्धांतिक रूप दिले व क्रिग यांच्या गौरवार्थ पद्धतीस ‘क्रिगिंग’ हे नाव रूढ केले.

पद्धती : प्रथम ठराविक अंतरावरील नमुन्यांच्या जोड्या घेऊन त्यांच्या मूल्यांतील फरकांच्या वर्गांची सरासरी काढतात. तिच्या निम्म्याचा अंतराशी असलेला संबंध दाखविणाऱ्या आलेखास व्हेरिओग्राम म्हणतात. तो सामान्यतः अंतराबरोबर चढत जाऊन एका मर्यादेपाशी सपाट होतो. त्यापलीकडील नमुन्यांत सहसंबंध उरत नाही. अगदी लगतच्या नमुन्यांतही फरक राहिल्यास आलेख शून्यावर सुरू न होता त्याहून वर सुरू होतो. सोन्याच्या सुट्या गुठळ्यांमुळे असे घडते, म्हणून यास गुठळी परिणाम म्हणतात.

यानंतर नमुन्यांना असे भार देतात की, भारांची बेरीज एक व्हावी आणि चुकीचे प्रचरण किमान राहावे. समजा, एका बिंदूपासून सारख्याच अंतरावर तीन नमुने आहेत. पैकी १० व १२ ग्रॅम प्रतिटन मूल्यांचे दोन जवळजवळ एकाच जागी असून ४ ग्रॅमचा तिसरा विरुद्ध बाजूस आहे. केवळ अंतर पाहिल्यास तिघांचा भार समान होऊन उत्तर सु. ८·७ येते. परंतु पहिले दोन जवळजवळ तीच माहिती देतात. गुठळी परिणाम नसल्यास क्रिगिंगमध्ये त्यांना प्रत्येकी एक-चतुर्थांश व तिसऱ्याला निम्मा भार मिळतो आणि उत्तर ७·५ येते. किमान प्रत ८ असेल, तर खणावे की नाही हा निर्णयच यामुळे बदलतो.

मर्यादा व उपयोग : क्रिगिंगने आकलनाबरोबर संभाव्य चुकीचे मापही मिळते, मात्र व्हेरिओग्राम ठरल्यावर ते नमुन्यांच्या मांडणीवर अवलंबून असते, त्यांच्या मूल्यांवर नाही. व्हेरिओग्राम चुकल्यास हे मापही फसवे ठरते. शिवाय आकलित नकाशा वास्तवापेक्षा अधिक गुळगुळीत असतो. म्हणून जोखीम मोजताना नमुन्यांशी जुळणारी अनेक संभाव्य चित्रे संगणकावर निर्माण करतात. जलविज्ञान, प्रदूषणमापन व वातावरणविज्ञान यांतही ही पद्धती वापरतात. यंत्र-अध्ययनातील गाउसीय प्रक्रियांवर आधारलेले आकलन गणिती दृष्ट्या हिच्याशी समरूप आहे.