डोंगर बुटका कोणाला दिसतो?

वेगाने जाणाऱ्या वस्तूची लांबी वेगाच्या दिशेने कमी भरते, हे आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. नोकरी संपल्यावर मी हे निवांत वाचायला घेतले, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की वस्तू चेपते कशाने? तर ती मुळी चेपतच नाही.

धावत्या गाडीची लांबी मोजायची तर दोन्ही टोकांच्या खुणा एकाच क्षणी करायला हव्यात. बँकेतही दोन काउंटरांची रोकड वेगवेगळ्या वेळी मोजली तर ताळा जमत नाही. गोम अशी, की फलाटावरच्याचा ‘एकच क्षण’ गाडीतल्याचा नसतो. तो म्हणेल, “तुम्ही पुढची खूण आधी केलीत, मागची नंतर. लांबी कमीच भरणार!”

हा नुसता शब्दच्छल नव्हे. वातावरणात उंचावर जन्मणारे म्युऑन हे कण सरासरी सेकंदाचा २.२ दशलक्षांश भाग जगतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, १९१० मीटर उंचीवर, तासाला सुमारे ५६० म्युऑन मोजले. समुद्रसपाटीला जेमतेम ३० पोचायला हवे होते. पोचले ४०० हून अधिक! हा प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला.

आपण म्हणतो, म्युऑनचे घड्याळ मंद चालले. म्युऑनच्या लेखी घड्याळ बिनचूक आहे. डोंगरच सव्वादोनशे मीटरांच्या आसपास भरतो. दोघांचाही हिशेब खरा. उताण्या तळहातातून असा साधारण एक म्युऑन दर सेकंदाला आरपार जातो.