डोळ्यांना न दिसणारी गाळणी : मूत्रपिंडाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तपासणी

गेल्या वर्षी आपल्या रुग्णालयात दाखल असलेल्या एका मुलाचे वडील आमच्या कार्यालयात आले. मुलाच्या अंगावरची सूज स्टेरॉइडने उतरत नसल्यामुळे त्याच्या मूत्रपिंडाची बायॉप्सी झाली होती. "सूक्ष्मदर्शकाखाली विशेष दोष आढळला नाही, असा रिपोर्ट आहे; मग दुसऱ्या तपासणीचे पैसे कशासाठी?" असे त्यांनी विचारले. गरजू रुग्णांचा हा खर्च निधीतून होत असल्याने विश्वस्तांच्या बैठकीतही हाच प्रश्न निघाला. आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे सर्वांसमोर ठेवीत आहोत.

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाची मर्यादा आहे. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे माप ध्यानात यावे. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या हजारो पटींनी कमी असते. या गुणाचा उपयोग करून १९३१ साली बर्लिन येथे मॅक्स नोल व अर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्का यांना त्यासाठी १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात. गुच्छातील केशवाहिनीच्या भिंतीत एक पातळ पडदा असतो आणि त्यावर विशिष्ट पेशींची बोटांसारखी टोके एकमेकांत गुंफलेली असतात. त्या टोकांमधील फट अवघी तीस-चाळीस नॅनोमीटरची. काही विकारांत ही टोके पसरून सपाट होतात व प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तोच गुच्छ जवळजवळ निर्दोष दिसतो. १९५७ मध्ये मेरिलिन फार्क्वार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिला.

या तपासणीसाठी बायॉप्सीचा छोटा अंश लगेच ग्लुटराल्डिहाइडच्या कुपीत ठेवावा लागतो. पुढे तो रेझिनमध्ये घट्ट बसवून हिऱ्याच्या सुरीने ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप घेतले जातात. त्यांवर जड धातूंच्या क्षारांचा लेप दिल्यावर छायाचित्रे निघतात. एवढे सोपस्कार असल्याने रिपोर्टला वेळ लागतो; ती दिरंगाई नव्हे, हे नातेवाइकांनी कृपया लक्षात घ्यावे.

छायाचित्र मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. काप तिरका गेला तर पडदा आहे त्याहून जाड दिसतो. म्हणून संगणकावर अनेक ठिकाणी काटकोनात मोजमाप घेऊन सरासरी काढतात. प्रौढांत पडद्याची जाडी साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर असते. लहान मुलांत ती कमी असते, म्हणून वयानुसार तुलना करावी लागते. एकाच नोंदीवरून ताळेबंद मांडू नये, हा आमच्या हिशेबाचा नियम येथेही पाळला जातो.

या मापावर पुष्कळ काही अवलंबून असते. पडदा सर्वत्र पातळ असेल तर विकार बहुधा सौम्य असतो. तो कोठे जाड, कोठे पातळ व पदर सुटलेला दिसला तर अल्पोर्ट या आनुवंशिक विकाराची शंका येते. त्यात स्टेरॉइडचा उपयोग नसतो, श्रवणशक्तीही जाऊ शकते. अशा वेळी भावंडांची व आईची तपासणी आवश्यक ठरते. पुढे मूत्रपिंड द्यायला घरातील कोण योग्य, हेही त्यावरून ठरते.

या साधनालाही मर्यादा आहेत. ते जिवंत हालचाल दाखवीत नाही, थांबलेला एक क्षण दाखवते. कोवळ्या वयात अल्पोर्टचा पडदाही नुसता पातळ दिसू शकतो. नमुन्यात गुच्छच आला नाही तर तपासणी निष्फळ ठरते. म्हणून कौटुंबिक इतिहास, श्रवणचाचणी व गरजेनुसार जनुकीय तपासणी यांची जोड द्यावी लागते. प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागते असेही नाही.

त्या मुलाच्या छायाचित्रांत टोके सपाट झालेली आढळली. पडदा मात्र एकसारखा होता. आनुवंशिक विकाराची शंका मागे पडली व डॉक्टरांनी औषध बदलले. वडिलांना ते छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी प्रथम धाकट्या मुलीविषयी विचारले. तिला तूर्त भीती नाही, असे डॉक्टर त्यांना सांगू शकले. देणगीदारांच्या पैशातून रुग्णालयाने त्या कुटुंबाला जे दिले, ते हे उत्तर होय.