भाड्याचे जुने घर : दुरुस्ती आणि हक्क

कसबा बावड्यात जुन्या कौलारू घरांतून भाड्याने राहणाऱ्या बंधु-भगिनींसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

मृगापूर्वी फुटकी कौले बदलावीत. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. त्याने ओल आत कोंडते व भिंत पोकळ होते. मातीचाच गिलावा व वर चुन्याचा हात द्यावा. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांसारखे पाणी घरात शिरले, तर ओसरल्यावर वायरिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.

आता खर्चाचा प्रश्न. करारात वेगळे ठरले नसेल, तर घर राहण्यायोग्य ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ सांगते. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. तरीही वाजवी वेळेत काम न झाल्यास भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच असते. म्हणजे दरमहा २,००० रुपये भाडे असल्यास वर्षाला ६,००० रुपये.

मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम मात्र करू नये. त्यावरून घर खाली करण्याचा दावा होऊ शकतो. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी ही कामे त्यात मोडत नाहीत; लागेल तेथे महापालिकेची परवानगी घ्यावी.

नोटिशीची प्रत व सामानाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, ही आमची आग्रहाची विनंती. हक्क कागदावर असला, तरी तो सिद्ध करायला कागदच लागतो.